भाषेचा मास्तर शाळा तपासायला निघतो तेव्हा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळी वाचकांना विषय दिला होता, भाषा शिकवता शिकवता शाळा तपासणारा अधिकारी होणं, या नोकरीबद्दल काय वाटेल ते विचारा. पत्रं भरपूर आली. निम्मी परीक्षेबद्दल, एक आजोबांचं, आणि एक तर सरळ माझ्यासारख्यांच्या नावाने खडे फोडणारं, तेही छापतोय. उत्तरं देणारा मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचो, मग केंद्रप्रमुख झालो, मग विस्तार अधिकारी होऊन रिटायर झालो, त्यामुळे जे लिहितोय ते खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी बघितलेलं आहे एवढंच समजा.

प्रश्न : सर नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला भाषा शिकवते, एम.ए. मराठी झालंय. घरचे आणि स्टाफ सगळे मागे लागलेत की केंद्रप्रमुखाची परीक्षा दे, किती दिवस खडू झिजवणार. मला वर्ग आवडतो हो, पण आपण चान्स सोडतोय का असंही वाटतं. खरं सांगा, त्या कामात भाषा कितपत उरते? (एक शिक्षिका, नाशिक जिल्हा)

उत्तर : ताई, आधी उतरंड सांगतो कारण बऱ्याच जणांचा घोळ होतो. शाळेच्या वर केंद्रप्रमुख, त्यांच्याकडे आसपासच्या साधारण दहा-पंधरा शाळांचं एक केंद्र. त्यांच्या वर विस्तार अधिकारी, त्यांच्याकडे बीट, म्हणजे अशी काही केंद्रं मिळून. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी आणि जिल्ह्याला शिक्षणाधिकारी. यातलं केंद्रप्रमुख हे पद सगळ्यात उशिरा आलं, १९९०च्या दशकात, आणि आणलं ते मुळात शिक्षकाला जवळच्या जवळ शैक्षणिक मदत मिळावी म्हणून. कागदावर अजूनही तसंच आहे. वर्ग बघा, नमुना पाठ घ्या, महिन्याची शिक्षण परिषद भरवा वगैरे.

प्रत्यक्षात सकाळी साडेसातला व्हॉट्सॲपवर मेसेज पडतो, ‘सोबतच्या लिंकमध्ये आजच्या आज माहिती भरून द्यावी’, आणि तिथून दिवस सुरू होतो. गणवेश किती वाटले, आधार अपडेट किती राहिले, किती मुलांची खाती उघडली, शौचालयाचे फोटो टाका, मग कुणीतरी चुकीच्या एक्सेलमध्ये भरलं म्हणून परत सगळं. त्यात पदं रिकामी असली की एकाच माणसाकडे दोन-तीन केंद्रांचा चार्ज येतो, मग शाळाभेट म्हणजे गाडी चालू ठेवून सही करणं. हे वाईट वाटावं म्हणून सांगत नाहीये, पण कुणी तुम्हाला ‘आराम आहे’ असं सांगत असेल तर त्याने हे काम केलेलं नाही.

आता भाषा किती उरते. तुम्ही ठेवाल तेवढी, खरंच. मी एक नियम केला होता की कुठल्याही शाळेत गेलो तर पहिला तास दुसरीच्या वर्गात बसायचं, हेडमास्तरांच्या केबिनमध्ये नंतर. ऑफिसात एकदा बसलात की चहा येतो, चहाबरोबर फाइल येते, आणि फाइल आली की दुपार झालीच म्हणून समजा. दुसरीच्या वर्गात मात्र पाच-सहा पोरांना जवळ बसवून वाचायला लावलं की तासाभरात शाळेचं सगळं कळतं, कोण अडतंय, कोण पाठ केलेलं घडाघडा म्हणतंय, कोणाकडे बाईंचं लक्ष आहे आणि कोण मागे भिंतीला टेकून वर्षं काढतंय. हे करा असं कुणी सांगत नाही आणि करू नका असंही कुणी सांगत नाही. दुसरी जागा शिक्षण परिषद. महिन्यातून एकदा केंद्रातले सगळे शिक्षक एका खोलीत तुमच्यासमोर असतात, तिथे परिपत्रकं वाचून दाखवण्यात दिवस घालवायचा की जोडाक्षरं शिकवायचा एक पाठ सगळ्यांनी मिळून घेऊन त्यावर भांडायचं, हे ठरवणं पूर्ण तुमच्या हातात असतं.

तेव्हा माझं मत असं की शेजारच्या वर्गातली मुलं वाचत नाहीत म्हणून तुमचा जीव वरखाली होत असेल तर जरूर जा. वर्गाचा कंटाळा आलाय म्हणून जायचं असेल तर नका जाऊ, कारण वर्गात निदान मुलं तरी असतात. पगारासाठी म्हणाल तर बारा वर्षांची वरिष्ठ श्रेणी मिळालेल्या शिक्षकाला फार मोठी उडी वाटत नाही, जाहिरातीतली वेतनश्रेणी स्वतःच्या पे-स्लिपशेजारी ठेवून बघा. आणि तिसरा रस्ताही आहे जो कुणी सांगत नाही. जिल्ह्याच्या डाएटमध्ये, म्हणजे शिक्षक प्रशिक्षण संस्थेत, विषय सहायक म्हणून प्रतिनियुक्तीवर जाता येतं, बालभारतीच्या पुस्तकांच्या कामात शिक्षकांना घेतात. एम.ए. मराठीवाल्या माणसाला भाषेचंच काम हवं असेल तर हे जास्त जवळचं आहे, फक्त तिथे साहेब म्हणून कुणी सलाम ठोकत नाही. घरच्यांना तेच हवं असतं बहुतेक.

प्रश्न : मी बी.ए. तिसऱ्या वर्षाला आहे. मला डायरेक्ट शाळा इन्स्पेक्टर व्हायचंय, कोणती परीक्षा द्यावी? (एक विद्यार्थी, परभणी)

उत्तर : डायरेक्ट हा शब्द आधी काढून टाक बाबा. विस्तार अधिकारी (शिक्षण) हे पद काही प्रमाणात बढतीने आणि काही प्रमाणात सरळसेवेने भरतात, त्याला पदवी, बी.एड. आणि शिकवण्याचा अनुभव लागतो, नेमकी अट ज्या वर्षीची जाहिरात निघेल त्यात बघ, यूट्यूबवाल्याच्या तोंडून ऐकू नकोस. गटशिक्षणाधिकारी किंवा उपशिक्षणाधिकारी व्हायचं तर महाराष्ट्र शिक्षण सेवा, गट ब, हे काम एमपीएससीकडे. केंद्रप्रमुख मात्र सेवेतल्या शिक्षकातूनच होतात, बढती आणि मर्यादित विभागीय परीक्षा असे दोन्ही रस्ते आहेत. आणि तू जो इन्स्पेक्टर शब्द वापरलास तो पदनाम म्हणून आज बघायचा असेल तर मुंबईत बघ, तिथे शिक्षणाधिकाऱ्याच्या जागी शिक्षण निरीक्षक असतात, दक्षिण, उत्तर, पश्चिम असे विभाग करून.

माझा सल्ला, बी.एड. कर, टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास हो आणि काही वर्षं वर्गात उभा राहा. न शिकवता तपासायला आलेला माणूस पोरं दोन मिनिटांत ओळखतात, शिक्षक तर दारातच.

प्रश्न : आमच्या लहानपणी ‘दिपोटी’ येणार म्हटलं की गुरुजी आठवडाभर आधी शाळा सारवून घ्यायचे, आम्हाला धुतलेले कपडे घालून यायला सांगायचे आणि हुशार मुलांना पुढच्या रांगेत बसवायचे. हा दिपोटी आला कुठून? मराठीतला पहिला शाळा तपासनीस कोण? (एक आजोबा, सातारा)

उत्तर : आजोबा, तुमच्या पत्राने मजा आणली. दिपोटी म्हणजे डेप्युटी, डेप्युटी एज्युकेशनल इन्स्पेक्टर. १८५४ साली वूडचा खलिता, म्हणजे कंपनी सरकारचा शिक्षणाबद्दलचा आदेश, आला, त्यात सांगितलं होतं की प्रत्येक प्रांतात शिक्षण खातं काढा आणि शाळा बघायला इन्स्पेक्टर नेमा. त्याप्रमाणे १८५५ला मुंबई इलाख्यात खातं उभं राहिलं, विभागाला एक इन्स्पेक्टर, तो बहुतेक गोरा साहेब, आणि त्याच्या हाताखाली जिल्ह्यात फिरणारे डेप्युटी, ते आपले. खेड्यातल्या पंतोजीला साहेब कधी दिसायचाच नाही, त्याला दिसायचा तो डेप्युटी, घोड्यावर नाहीतर बैलगाडीतून येणारा. म्हणून लोकांच्या तोंडात तोच राहिला.

पण तपासणी खात्याच्या आधीपासूनची आहे, आणि खरी गंमत इथे आहे, की सुरुवातीला हे काम ज्यांच्याकडे गेलं त्यातली बरीच भाषेची माणसं होती. बाळशास्त्री जांभेकर आपल्याला ६ जानेवारी १८३२च्या ‘दर्पण’मुळे माहीत आहेत, दरवर्षी पत्रकार दिनाला फोटोला हार घालतो आपण. पण हाच माणूस एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होता, मुलांसाठी व्याकरण लिहीत होता, दक्षिण कोकणातल्या शाळा तपासत होता आणि शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाचं कामही बघत होता. १८४५ला ज्ञानेश्वरीची पहिली छापील प्रत, शिळाप्रेसवरची, त्यांनीच काढली आणि पुढच्याच वर्षी गेले, पस्तिशीसुद्धा धड झाली नव्हती. मला पत्रकारापेक्षा त्यांचं हे शाळेतलं रूप जास्त जवळचं वाटतं, माझ्या धंद्यातला माणूस म्हणून असेल.

दुसरे दादोबा पांडुरंग तर्खडकर. १८३६ला त्यांचं मराठी व्याकरण आलं, लोक त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात. त्यांनी माळव्यातल्या जावऱ्याच्या नवाबाला शिकवलं, सुरतेला शाळेत नोकरी केली, मुंबईला शिक्षकांचा नॉर्मल वर्ग चालवला, आणि मग १८५२ला सरकारने उचलून नगरला डेप्युटी कलेक्टर केलं. म्हणजे शिक्षकाला भलत्याच खात्याच्या कामाला लावायची पद्धत आजची नाही, इलेक्शन ड्युटीला गेलेल्या मंडळींनी हे वाचून थोडं हलकं वाटून घ्यायला हरकत नाही.

आणि तिसरे मेजर थॉमस कँडी. हे फौजेतले, पण मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात त्यांचा मोठा हात, तो कोश १८३१ला आला. मग पुण्याच्या संस्कृत पाठशाळेची देखरेख, दख्खनच्या सरकारी शाळांची देखरेख, १८४७ला इंग्रजी-मराठी कोश, आणि शाळेच्या पुस्तकांची भाषा तपासायचं काम वर्षानुवर्षं. मराठी छापण्यात स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह ही मंडळी रुळली ती त्यांच्यामुळे. आता यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं की त्यांनी मराठी गद्याला शिस्त लावली, दुसरं म्हणतं की शाळेची मराठी साहेबाच्या चालीने चालायला लागली. मला वाटतं दोन्ही खरं आहे, आणि वाईट याचं वाटतं की ज्या खेड्यातल्या पोराला ती पुस्तकं वाचायची होती त्याला कुणी विचारलंच नाही.

विचारलं ते जोतीराव फुल्यांनी. १८८२ला शिक्षणाची चौकशी करायला सरकारचा हंटर आयोग आला तेव्हा त्यांनी निवेदन दिलं, त्यात शिक्षक कोण असावेत, पुस्तकं कशी असावीत हे तर आहेच पण तपासणीवर वेगळं लिहिलंय. सांगितलंय असं की देखरेखीची व्यवस्था सदोष आणि अपुरी आहे, डेप्युटीने वर्षातून एकदा शाळेत येऊन काही उपयोग नाही, निदान तीन महिन्यांनी तरी यायला पाहिजे, आणि अधूनमधून न कळवता यायला पाहिजे. न कळवता! तुमचे गुरुजी आठवडाभर आधी शाळा सारवत होते म्हणजे फुल्यांचं म्हणणं कुणी मनावर घेतलं नव्हतं. आमच्या काळात सारवण गेलं, फरशी आली, पण आदल्या रात्री ग्रुपवर ‘उद्या साहेब येताहेत’ हे पडायचंच.

राहिला हुशार मुलांच्या पुढच्या रांगेचा मुद्दा. ती नुसती गुरुजींची लबाडी समजू नका. १८६०च्या दशकात आपल्याकडे अनुदान घेणाऱ्या शाळांना निकालावर पैसे द्यायची पद्धत आली, म्हणजे इन्स्पेक्टरने परीक्षा घ्यायची, जेवढी मुलं पास तेवढी रक्कम. जिथे तपासनीसाच्या एका भेटीवर शाळेची भाकरी ठरते तिथे कच्चं मूल मागेच बसणार, नाहीतर त्या दिवशी घरी राहणार. पद्धत गेली पण सवय राहिली, अजून राहिली आहे.

प्रश्न : मागच्या महिन्यात एका साहेबांनी माझ्या तिसरीच्या वर्गात येऊन एका मुलीला वाचायला लावलं. तिने वाचलं, अर्थही सांगितला, पण तिच्या अहिराणीत सांगितला. साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ‘बाई, हिला आधी मराठी बोलायला शिकवा.’ ती पोरगी तेव्हापासून वर्गात तोंड उघडत नाही. तुम्ही पण साहेबच होतात ना, उत्तर द्या. (एक शिक्षिका, धुळे जिल्हा)

उत्तर : बाई, देतो उत्तर. त्या साहेबांनी भाषा तपासलीच नाही, त्यांनी उच्चार तपासले. वाचलेल्याचा अर्थ मुलीने स्वतःच्या शब्दात सांगितला यापेक्षा मोठा पुरावा वाचन समजल्याचा दुसरा कुठला असतो? पाठ करून प्रमाण भाषेत सांगितलं असतं तर मी उलट शंका घेतली असती.

हे इतकं सर्रास का होतं ते सांगतो. तपासणी फॉर्ममध्ये रकाना असतो, ‘वाचन’, त्यात अ, ब, क भरायचं. पण वाचनात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अक्षरावरून आवाज काढता येणं आणि आवाजावरून अर्थ लागणं. पहिली गोष्ट पाच मिनिटात दिसते, दुसरीला बसावं लागतं, मुलाशी बोलावं लागतं. ‘असर’ नावाची शिक्षणाची पाहणी करणारे २००५पासून घरोघरी जाऊन मुलांचं वाचन बघतात, अक्षरं, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट, अशी एका पानाची साधी चाचणी. साधी आहे म्हणून चांगली आहे, पण ती वाचता येतं की नाही एवढंच सांगते, समजलं की नाही ते मुख्यतः त्यात येत नाही. पुढे २०२१ला केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं, त्यात दुसरीच्या मुलाने मिनिटाला पंचेचाळीस ते साठ शब्द आणि तिसरीच्या मुलाने निदान साठ शब्द वाचावेत, तेही अर्थ समजून, असं ध्येय आहे. ‘अर्थ समजून’ हे त्यातच लिहिलंय. पण शाळेत काय पोचलं, तर मोबाइलचं स्टॉपवॉच. पोरगं ठेचकाळत का वाचतंय ते राहिलं बाजूला, आकडा किती आला ते बघ. मिनिटाला सत्तर शब्द वाचून ‘गोष्टीतल्या म्हातारीला राग का आला’ याला गप्प बसणारी मुलं मी कितीतरी बघितलीत आणि पस्तीस शब्द वाचून म्हातारीची बाजू घेऊन माझ्याशी वाद घालणारीही.

अहिराणी तरी मराठीच्या घरातली आहे. नंदुरबारला भिली, पावरी बोलणारी मुलं, मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, तिथे तर शाळेची मराठी ही मुलाला सरळ सरळ दुसरी भाषा असते. कोरकू आणि गोंडी यांचं तर भाषेचं कूळसुद्धा वेगळं, एक मुंडा कुळातली, दुसरी द्राविड. अशा मुलाला पहिलीत मराठी पुस्तक हातात देऊन सहा महिन्यात वाच म्हणणं आणि न वाचल्यावर शिक्षकाला नोटीस काढणं याला तपासणी म्हणवत नाही मला. कायदासुद्धा तुमच्या बाजूने आहे बरं का, २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय की जमेल तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी, आणि मुलाला भीती, दडपण न वाटता बोलता यावं. साहेब परत आले तर हे कलम, २९वं, त्यांच्यापुढे ठेवा, आवाज न चढवता.

आता मुलीचं काय करायचं. तिला ‘काही नाही गं, बोल’ असं वारंवार म्हणू नका, त्याने ती आणखी मिटते. तिच्या आजीकडून एखादी अहिराणी गोष्ट आणायला सांगा, सगळ्या वर्गाला, तिला एकटीला नाही. जी मुलं आणतील त्यांच्या गोष्टी फळ्यावर तशाच्या तशा लिहा, अहिराणीतच, देवनागरीत सहज लिहिता येते. मग मुलांना विचारा, पुस्तकात हे कसं लिहितील? दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी. मुलं स्वतः फरक शोधतात, ‘आमचं’ आणि ‘पुस्तकातलं’ म्हणून, आणि दोन्हीला जागा आहे हे त्यांना न सांगता कळतं. हे मी केंद्रात करून घेतलंय, पहिल्या वेळी दोन गुरुजींनी तोंड वाकडं केलं होतं, त्यातल्या एकांनी पुढे स्वतःची वही काढली गोष्टींची.

आणि साहेबांबद्दल, वर्गात जे झालं ते गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवा. तक्रार असं शीर्षक देऊ नका, ‘शाळाभेटीबाबत’ एवढं लिहा, काय वाचलं, काय विचारलं, काय सांगितलं, काय बोलले, चार ओळी. कागद राहिला पाहिजे.

प्रश्न : वार्षिक तपासणी आहे. कोणकोणती रजिस्टरं तयार ठेवावीत याची यादी द्या. (एक मुख्याध्यापक)

उत्तर : सर, यादी तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ असेल. जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची नोंदवही), हजेरी, शाळा व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशोब, मूल्यमापनाच्या नोंदी, यूडायस या सरकारी माहिती प्रणालीत भरलेल्या शाळेच्या माहितीची प्रिंट. यातलं अडचणीत आणतं ते तांदळाचं आणि जनरल रजिस्टरमधल्या जन्मतारखेच्या खाडाखोडीचं, तेवढी दोन स्वतः बघा, बाकी क्लार्क नसला तरी निभतं. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी भिंतीवर नवीन तक्ते लावू नका. गोंद ओला असतो, कळतं.

प्रश्न : मी नुकतीच केंद्रप्रमुख झालेय. माझ्या केंद्रात ज्या बाईंनी मला चौथीला शिकवलं त्याच अजून शिकवतात, निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. त्यांच्या वर्गात मुलं वाचनात मागे आहेत. मी त्यांना काय आणि कसं बोलू? त्या मला अजून एकेरीच हाक मारतात. (एक केंद्रप्रमुख, सोलापूर जिल्हा)

उत्तर : मारू देत की एकेरी. तुम्ही त्यांना बाईच म्हणा, मॅडम म्हणायला गेलात तर त्यांना ते लागेल. पहिल्या भेटीत वही काढूच नका. त्यांच्या वर्गात बसा, आणि जमलं तर म्हणा, ‘बाई, आज मी पोरांची गोष्ट घेऊ का?’ गोष्ट घ्या, मग पाच मुलांना वाचायला लावा, त्यांच्यासमोर. जे दिसायचं ते त्यांना दिसेल, तुम्हाला बोलावं लागणार नाही. जुन्या शिक्षकांना मुलं मागे आहेत हे माहीत असतं, बहुतेक वेळा कारणही माहीत असतं, फक्त ते कुणी विचारलेलं नसतं. दोन वर्ग एकत्र असतील, चष्म्याचा नंबर वाढला असेल, ऑनलाइन माहिती भरण्यात त्यांचे दोन तास जात असतील कारण त्यांना मोबाइल धड येत नाही. हे शेवटचं असेल तर तरुण शिक्षकाला सांगून ते काम काढून घ्या आणि बदल्यात बाईंना त्याच्या पहिलीच्या वर्गात आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला पाठवा. जुन्या बायकांसारखी गोष्ट आजच्या बी.एड.वाल्यांना येत नाही, हे माझं ठाम मत आहे, येऊ देत पत्रं.

लेखी मात्र सगळ्यांना सारखंच. बाईंच्या शाळेचा शेरा गोड आणि शेजारच्याचा कडक असं झालं तर केंद्रात आठ दिवसात पसरतं.

प्रश्न : शेरेबुकात काय लिहावं? मी विस्तार अधिकारी म्हणून रुजू झालोय, आधीच्यांचे शेरे वाचले तर सगळीकडे ‘अध्यापन समाधानकारक, वाचनाकडे लक्ष द्यावे, परिसर स्वच्छ’ एवढंच. (एक अधिकारी)

उत्तर : साहेब, प्रश्न विचारलात म्हणजे निम्मं काम झालं. ‘वाचनाकडे लक्ष द्यावे’ हा शेरा कुठल्याही शाळेत, कुठल्याही वर्षी, शाळेत न जातासुद्धा लिहिता येतो. कुणी लक्ष द्यायचं, कुणाच्या वाचनाकडे, कधीपर्यंत, यातलं काहीच नाही. शिक्षक वाचतो, ‘कार्यवाही करण्यात येईल’ लिहितो, झालं अनुपालन. दोघांनी एकमेकांना फसवलं आणि रजिस्टर पूर्ण.

मी लिहायचो ते असं असायचं, नमुन्यादाखल बनवून देतो : ‘दुसरीतील सात मुलांचे वाचन ऐकले. चार मुले छोटी गोष्ट वाचून स्वतःच्या शब्दात सांगतात. दोघे जोडाक्षरापाशी थांबतात, विशेषतः रफार आणि दुसऱ्या अक्षराला र जोडून येतो तिथे. एक मुलगा अक्षरे ओळखतो पण शब्द जोडत नाही, तो ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबातला आहे. त्याच्यासाठी रोज पंधरा मिनिटे, कोण देणार हे बाईंशी बोलून ठरले. वाचनपेटीतील पुस्तके कपाटात कुलूपबंद आढळली, किल्ली वर्गात ठेवावी.’ बस. मुलांची नावं शेरेबुकात नका लिहू, ते पुस्तक कुणीही उघडतं, नावं बाईंच्या वहीत असू देत. चांगलं दिसलं तर तेही नेमकं लिहा, ‘उत्तम’ लिहून शिक्षकाला काय कळणार, ‘कवितेला मुलांनी स्वतः चाल लावली होती’ लिहिलं तर कळतं की बघणाऱ्याने बघितलंय.

भाषा साधी ठेवा, ‘सदर’, ‘उपरोक्त’, ‘निदर्शनास आले’ हे पत्रव्यवहाराला ठेवा. वाक्य लहान. आणि मोबाइलवर त्या पानाचा फोटो काढून ठेवत जा, पुढच्या भेटीला जाताना गाडीत वाचायचा, म्हणजे शाळेत गेल्या गेल्या पहिला प्रश्न कुलपाच्या किल्लीचा विचारता येतो.